पागोळीची जागा

“कितव्या लंबरला हाय आपलं?” गयाबाईने विचारलं.

‘आपलं’ हा शब्द तिने इतक्या सहज वापरला, की जणू आम्ही तिघी एका लग्नाला आलो होतो आणि पंगत कितवी एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

“तुमचं सतरावं आहे,” मी म्हणाले. “अपील तुमच्या नवऱ्याचं आहे. आमचं इथे काही नाही.”

“त्येच म्हनते. सतरावं.” ती माझ्या आईकडे वळली. “वैनी, सतरावं हाय. जेवनाच्या आदी व्हतंय का न्हाई, देव जाने.”

“तू बस आधी,” आई म्हणाली. “गुडघा धरेल तुझा.”

आणि आईने बाकावर सरकून तिला जागा केली.

त्या गुडघेवालीच्या नवऱ्याने, रंगनाथ बोराडेने, सहा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या डोक्यात फावडं घातलं होतं. अण्णा जागेवर गेले. जिल्हा न्यायालयाने रंगनाथला जन्मठेप दिली. त्या शिक्षेवरचं अपील औरंगाबादला खंडपीठापुढे लागलं होतं, आणि आमच्या कासारपिंपरीहून तिथे वेळेत पोचणारी एसटी एकच असल्यामुळे मारणाऱ्याची बायको, मेलेल्याची बायको आणि मेलेल्याची मुलगी अशा तिघी एकाच गाडीने आलो होतो. गाडीत आईने तिला खिडकी दिली, कारण तिला गाडी लागते. मी पाठीमागच्या सीटवर पर्स छातीशी धरून बसले होते आणि या दोघींची डोकी हलताना बघत होते. ऊस महाग झाला, अमक्याची सून बाळंत झाली, हे चाललं होतं.

लहानपणी मी तिला गयाकाकू म्हणत असे. मग बरीच वर्षं ‘ती बाई’ म्हटलं. कोर्टाच्या व्हरांड्यात ‘तुम्ही’वर भागवत होते.

अण्णा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. तालुक्यातल्या निम्म्या हद्दी त्यांनी साखळी टाकून ठरवलेल्या. मोजणीला गेले की शेतकऱ्याच्या घरचा चहासुद्धा घेत नसत. घरून पाण्याचा तांब्या घेऊन जात. “माणूस बोलतो ते विसरायचं, कागद बोलतो ते ऐकायचं,” हे त्यांचं वाक्य गावात म्हणीसारखं चाले. मी कॉलेजात ग्रंथपाल झाले ती या वाक्याच्या जोरावर, असं मला वाटायचं.

आमच्या आणि बोराड्यांच्या घरांमध्ये दोन फुटांची बोळ होती. आमच्या पत्र्याची पागोळी त्या बोळीत पडे. आमच्याकडे जुनी रीत अशी, की पागोळी पडते तिथवर आपलं घर. निवृत्त झाल्यावर अण्णा हे फार बोलायला लागले होते. “पागोळी माझी, तर जागा माझी.” त्या वर्षी उन्हाळ्यात रंगनाथने त्या बोळीत न्हाणीची भिंत उभारायला घेतली. अण्णांनी दोनदा तोंडी बजावलं. तिसऱ्या सकाळी ते पहार घेऊन गेले आणि विटांचे दोन थर त्यांनी पाडले. रंगनाथ पलीकडे माल कालवत होता. हातात होतं तेच फावडं त्याने घातलं. एकच घाव. आई मागच्या दारात सूप घेऊन बसलेली होती. मी ग्रंथालयात होते.

हा इतका सरळ प्रसंग, पण तो सांगायला सरकारला अकरा साक्षीदार लागले. त्यातल्या सात जणांना ऐनवेळी काहीच दिसलेलं नव्हतं. एकाला तर तो स्वतः त्या आळीत राहतो हेही नक्की आठवेना. आमच्या आळीइतकी शांत, सज्जन, मोतीबिंदू झालेली आळी जिल्ह्यात नसेल.

खरं तर आळीचं कर्तृत्व त्याच संध्याकाळी दिसलं होतं. अंत्यविधी करून माणसं परतली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात आणून देतात, त्याला कडू घास म्हणतात. त्या दिवशी दारापुढे पोलिसांची जीप उभी होती, त्यामुळे शेजाऱ्यांना एकाएकी आपापल्या घरात पुष्कळ कामं निघाली. कुणी आलं नाही. आली ती फक्त गयाबाई. नवऱ्याला दुपारी बेड्या घालून नेलेला, आणि ही बाई पाडलेल्या विटा ओलांडत, त्याच बोळीतून, पिठल्याचं पातेलं घेऊन आली. आईपुढे ठेवलं. म्हणाली, “वैनी, खावा.”

आणि आईने खाल्लं.

मी खाल्लं नाही. मी त्या रात्री उपाशी राहिले आणि त्याचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता.

पातेलं आमच्याकडेच राहिलं. काठावर नाव कोरलेलं: गया रं. बोराडे. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि त्यात भरून काही पाठवणं मी सहन केलं नसतं. आईने ते लख्ख घासून वरच्या फळीवर पालथं घातलं. मी ते बघितलं की जेवताना माझा घास अडायचा. आईचा अडत नव्हता.

खटल्यात आरोपीच्या वकिलाने आईला विचारलं होतं, “त्या संध्याकाळी तुम्ही आरोपीच्या घरचं अन्न खाल्लं?”

“खाल्लं.”

“ज्याने तुमच्या नवऱ्याला मारलं असं तुम्ही सांगता, त्याच्या घरचं?”

“गयाच्या घरचं,” आई म्हणाली.

हे उत्तर आता छापील पानावर, परिच्छेदाला आकडा लावून, दोन न्यायमूर्तींपुढे पोचलं होतं.

साडेअकराच्या सुमारास सरकारी वकील गवांदे व्हरांड्यात आले. काळा कोट, काखेत फायलींचा गठ्ठा, तोंडात बडीशेप.

“आपण त्र्यंबक दहिहंडेंच्या कन्या का?”

“दहिवाळ.”

“तेच ते. बिलकुल चिंता करू नका. मी रात्री फाइल वाचलीय.” फाइलची नाडी अजून कचेरीतल्या शिपायाच्या गाठीतच होती. “पागोळी आपल्या बाजूने आहे, मॅडम. पंचनाम्यात स्पष्ट आहे. पागोळी तुमची, जागा तुमची. त्याने तुमच्या जागेत येऊन तुमच्या वडिलांना मारलं. बास. काय राहिलं मग?”

“काही राहिलं नाही,” मी म्हणाले.

“आणि ते पिठलं काय प्रकरण आहे हो?” त्यांनी आईकडे बघत खालच्या आवाजात विचारलं. “तेवढं टाळता आलं असतं.”

हे मात्र मला पटलं. त्या दिवशी सबंध कोर्टात माझ्या मनातलं बोललेला तो एकच माणूस, आणि तो असा.

रंगनाथची वकील मोहरीर नावाची तिशीची मुलगी होती. गयाबाईकडे वकील करायला काही नव्हतं, म्हणून मोफत विधी साहाय्यातून नेमलेली. अशा वकिलांबद्दल माझं जे मत होतं ते मी तिला बघताक्षणी तिला चिकटवून मोकळी झाले. झिजलेल्या टाचांच्या चपला, चष्म्याच्या दांडीला दोरा. ती गयाबाईशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, “मावशी, आज आपण एकच सांगणार आहोत. जागा तुमची होती.”

“व्हतीच की,” गयाबाई म्हणाली. “मामंजींनी मोजून घेतली व्हती. ह्यांच्याच अण्णांनी मोजली.” आणि तिने माझ्याकडे बोट केलं, रागाने नाही, खुणेचं झाड दाखवावं तसं.

“कागद?”

“वाळवीनं खाल्ला, बाई. तुमाला किती डाव सांगावं.”

मी पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

बाराला आमचा पुकारा झाला. आम्ही मागच्या बाकावर बसलो. मी मध्ये, कारण सगळं इंग्रजीत चालणार होतं आणि दोघींना माझ्याशिवाय कुणी नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला एक हलकासा आनंद झाला, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

मोहरीर उभी राहिली. आवाज बारीक, पण कागद तिला पाठ होते. तिने आधी ती बोळ सांगितली, मग भिंत, मग पहार.

“काय म्हनत्यात?” गयाबाईने विचारलं.

“भिंतीचं चाललंय.”

“कुंदे, नीट सांग तिला,” आई डाव्या कानात कुजबुजली.

नीट सांगायचं तर असं होतं: ती बोळ अण्णांची असेल, तर रंगनाथने दुसऱ्याच्या जागेत घुसून एका म्हाताऱ्याला मारलं, जन्मठेप रास्त. पण बोळ रंगनाथची असेल, तर अण्णा दुसऱ्याच्या जागेत शिरून दुसऱ्याची भिंत पाडत होते, आणि रंगनाथ आपली वस्तू राखायला धावला होता. राखताना त्याने हद्द सोडली, माणूस मारला. गुन्हा तर गुन्हाच, पण तो खुनापेक्षा खालचा. त्याला शिक्षा कमी. सहा वर्षं त्याने भोगलीच होती. कदाचित गयाबाई त्याला लवकरच घरी घेऊन गेली असती. सगळं त्या दोन फुटांवर येऊन थांबलं होतं.

यातलं मी तिला एवढंच सांगितलं: “जागा कुणाची, ते विचारतायत.”

“मंग सांगा म्हनावं, आमची.”

दोघांतल्या वयस्कर न्यायमूर्तींनी विचारलं, की मोजणीचा नकाशा कुठे आहे. मोहरीरने एक दाखला पुढे केला: शहात्तर सालचा तो नकाशा कचेरीच्या दप्तरात सापडत नाही. न्यायमूर्तींनी दाखला डोळ्यांजवळ नेला, दूर केला. मग मोहरीर पिठल्यावर आली. दोन घरांत जुनं वैर नव्हतं. असतं तर खुनाच्या संध्याकाळी विधवेने त्या घरचा घास घेतला नसता, असा तिचा मुद्दा.

धाकट्या न्यायमूर्तींनी पान उलटून ते उत्तर वाचलं. ‘गयाच्या घरचं.’ मग मान वर करून बाकांवर नजर फिरवली, ही बाई कोणती असेल अशी.

“हसल्यासारखे वाटले ते,” आई म्हणाली.

“तुलाच हसले,” मी म्हणाले.

बाकीचं जेवणानंतर, असं सांगून ते उठले.

आवारात कडुनिंबाखाली पार होता. गयाबाईने डबा उघडला. भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. तिने झाकणात एक भाकरी मोडून आईपुढे सरकवली आणि दुसरी माझ्यापुढे. मी कँटीनमधून बिस्किटाचा पुडा आणला होता, तो ठळकपणे फोडला.

“बिस्किटानं पोट भरतं व्हय, कुंदा?” गयाबाई म्हणाली. “भरीत चांगलं झालंय. चुलीतलं वांगं हाय.”

“नको.”

ती पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेली. लंगडत. मी आईकडे वळले.

“तुला काही वाटत नाही?”

“वाटतं.”

“मग?”

“भूकही लागते.”

“सहा वर्षांपूर्वी तू खाल्लंस ते आज अख्ख्या कोर्टाने वाचलं. त्या माणसाला सोडवायला वापरतायत तुझा घास. आणि तू पुन्हा तिचंच खातेस. अण्णांचं काय, आई? अण्णांचा तरी काही मान?”

आईने बोटाला लागलेली चटणी चाटली. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “तू ती पर्स खाली ठेव जरा. सकाळपासून अवघडली असशील. कुणी नेत नाही तो कागद.”

मी बिस्किटाचा पुडा खाली ठेवला, पर्स नाही.

“तुझ्या आधी मी बघितलाय तो,” आई म्हणाली. “तेराव्याला त्यांची पेटी काढली तेव्हा. तळाच्या वर्तमानपत्राखाली. मला फार वाचता येत नाही, पण शिक्का कळतो आणि त्यांचं अक्षर कळतं. तसाच ठेवला परत.”

“का?”

“म्हटलं, कुंदा शिकलेली आहे. तिला सापडेल. ती करेल काय ते.”

मला तो सापडला होता वर्षश्राद्धाच्या आधी. फिकट निळ्या शाईतला नकाशा, अण्णांच्या हातचा. हद्दीची रेघ आमच्या भिंतीला चिकटून गेलेली, बोळीचे दोन्ही फूट पलीकडच्या बाजूला. आणि कोपऱ्यात, काना-मात्रा न चुकणाऱ्या त्या सुरेख अक्षरात शेरा: ‘दहिवाळ यांची पागोळी बोराडे यांचे तोंडी परवानगीने. जागा बोराडे.’ खाली अण्णांची सही. एवढंच असतं तरी मी कदाचित काही केलं असतं. पण डोक्यावर कचेरीचा शिक्का होता, दप्तराचा क्रमांक होता. ती कुणाला दिलेली नक्कल नव्हती. ती दप्तरातली मूळ प्रत होती. जी सापडत नाही असा दाखला सकाळी न्यायमूर्तींनी डोळ्यांजवळ नेला, तीच. निवृत्तीच्या आधी कधीतरी, शेतकऱ्याचा चहा न घेणाऱ्या माझ्या बापाने ती घडी घालून घरी आणली होती. बोराड्यांच्या घरची नक्कल वाळवीत जाईपर्यंत थांबला, आणि मग म्हणायला लागला, पागोळी माझी.

तो कागद मी त्या दिवशी बरोबर का नेला, हे मला आजही धड सांगता येत नाही. घरी ठेवला तर आईला सापडेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

“एवढी पुस्तकं वाचतेस,” आई म्हणाली, “आणि बापाचं अक्षर वाचून तुला काही सुचलं नाही?”

“तुला सगळं माहीत होतं आणि तू साक्षीत गप्प बसलीस.”

“मला जागेचं कुणी विचारलंच नाही. पिठल्याचं विचारलं, ते खरं सांगितलं.” तिने झाकणातली भाकरी गुंडाळली. “तुला कुणी विचारलं तर बघ.”

गयाबाई बाटली घेऊन आली. “नळाला गर्दी लई,” म्हणाली. “कुंदा, तू घे आदी. बिस्कुट कोरडं असतंय.”

अडीचला पुन्हा बसलो. गवांदे उभे राहिले आणि पागोळीवर बोलले. मी कबूल केलं पाहिजे, चांगलं बोलले. खेड्यात कागदाआधी रीत असते, पागोळी ही सगळ्यांना दिसणारी हद्द असते, पंचनामा करणाऱ्याने ती डोळ्यांनी पाहिली, वगैरे. वयस्कर न्यायमूर्ती ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला आणि इंग्रजीत म्हणाले, मला एक कळत नाही. मेलेला माणूस स्वतः मोजणीदार. आयुष्यभर कागदावर जगलेला. अशा माणसाने स्वतःच्या घराचा एकही कागद ठेवला नसेल? घरचं कुणी आलंय का?

गवांदे मागे वळले. आमच्या बाकापाशी आले, वाकले, आणि मराठीत विचारलं. मराठीत, स्वच्छ, दोघींनाही ऐकू जाईल असं:

“मॅडम, साहेब विचारतायत. त्या बोळीच्या मोजणीचा एखादा कागद घरात आहे का? वडिलांनी ठेवलेला?”

उजवीकडे गयाबाई माझ्याकडे वळली. डावीकडे आईचा हात होता, माझ्या मांडीवरच्या पर्सपासून चार बोटांवर. तो पुढे आला नाही. मागेही गेला नाही.

“नाही,” मी म्हणाले.

“नक्की?”

“अण्णा घरात कचेरीचे कागद आणत नसत.”

गवांदेंनी ते इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फार भारदस्त झालं. न्यायमूर्तींनी मानही हलवली. असा कर्मचारी विरळा, असं काहीतरी ते म्हणाले. मग तिथेच, लघुलेखकाला, तासभर निकाल सांगितला. कागदाच्या अभावी पागोळीचा पुरावा ग्राह्य. जागा मृताची. अपील फेटाळण्यात येते.

मोहरीरने चष्मा काढून पुसला. फायली आवरताना तिच्या हातून एक पान पडलं, ते तिने दोनदा उचललं.

“काय झालं?” गयाबाईने मला विचारलं. मग लगेच आईला. “वैनी?”

“राहिलं, गया.”

“मंजी? येत न्हाईत?”

“नाही येत.”

तिने पदराने तोंड पुसलं, रिकामा डबा पिशवीत घातला, आणि उठताना सवयीने आईच्या खांद्याचा आधार घेतला.

परतीच्या गाडीत तिघींची एक सीट मोकळी होती. मी खिडकीशी बसले आणि आईसाठी जागा धरली. आई पुढे गेली आणि दोघींच्या सीटवर गयाबाईशेजारी बसली. घरापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ऊस नाही, कुणाची सून नाही. मी तिघींच्या सीटवर पर्स शेजारी ठेवून आले.

घरी पोचल्यावर मी एकदाच विचारलं, “तू का बोलली नाहीस?”

“मी बोलले असते तर तू भर कोर्टात खोटी पडली असतीस,” आई म्हणाली. “घरात एकाचं झालं तेवढं पुरे.” आणि तिने स्वयंपाकाला घेतलं. त्यानंतर वरच्या फळीकडे मी बघितलं की ती माझ्याकडे बघायची.

रंगनाथ आणखी नऊ वर्षांनी सुटला. आला तो खोकत आला. दोन वर्षं ओट्यावर बसला, आणि गेला. न्हाणी कधी झाली नाही. पाडलेल्या विटा बोळीत अजून आहेत. त्यांच्यावर शेवाळ धरलंय, आणि आमची पागोळी त्यांच्यावर नेमाने पडते.

या दिवाळीनंतर आई गेली.

या वेळी आळीला कामं नव्हती. डबे आले, हॉटेलातलं पार्सल आलं, एका घरून तर पिठल्याबरोबर पापडही आला. ज्यांना तेव्हा दिसत नव्हतं त्यांना आता सगळं दिसत होतं, माझे सुजलेले डोळेसुद्धा. साक्षीला कुणी बोलावणार नव्हतं ना. मी कशालाच हात लावला नाही.

सगळे पांगल्यावर मागच्या दारात कडी वाजली. गयाकाकू होती. बोळीतून आली होती, विटा ओलांडून, भिंतीला हात धरत. पिठल्याचं पातेलं माझ्यापुढे ठेवलं आणि मागच्या पायरीवर बसून गुडघा चोळायला लागली.

“खा,” म्हणाली.

मी खाल्लं. गरम होतं. तिने पंधरा-वीस घास मोजावेत तसं बघितलं आणि मग नजर काढली.

मी उठले. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं ते जुनं पातेलं काढलं. आतल्या खोलीतून कागद आणला. तो पातेल्यात ठेवला आणि तिच्यापुढे सरकवलं.

“रिकामं कसं देऊ,” मी म्हणाले.

तिने कागद उलगडला. दिव्याकडे धरला. वाचता येत नव्हतंच. सहीवरून अंगठा फिरवला.

“अण्णांची ना? मामंजींच्या कागदावर असलीच व्हती.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हे गेल्यावर वैनींनी सांगितलं. सांगून रडत बसल्या. म्या म्हनलं, वैनी, आता कशाला.”

एवढ्या वर्षांत मी माफीचं वाक्य पुष्कळदा जुळवलं होतं, चांगल्या भाषेत. मी पातेलं तिच्याकडे आणखी थोडं सरकवलं.

तिने कागदाची घडी घातली, अण्णांनी घातली होती त्याच दुमडींवर, आणि तो पातेल्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवला.

“ह्याचं मी काय करू? तुझ्याकडंच राहू दे.”

मग भिंतीला धरून उठली आणि ते जुनं पातेलं काखेला लावलं.

“हे तेवढं नेते,” म्हणाली. “माज्या लग्नातलं हाय.”